तेल गळणारे विश्वविजेते : ब्रिटिश स्क्रॅम्बलर मोटारसायकलींच्या लौकिकाची कहाणी

१/
१९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे ५०० सीसी मोटोक्रॉसचे जागतिक अजिंक्यपद बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यातील मोटारसायकलीने पटकावले. त्यानंतर आठच वर्षांनी, १९७३ मध्ये, त्या कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व संपले. आज जुनी ब्रिटिश मोटारसायकल म्हटली की आठवतात ते जमिनीवरचे तेलाचे डाग, किक मारून थकलेला स्वार आणि वाटेत गळून पडलेले नट. एकाच यंत्राचे हे दोन लौकिक कसे तयार झाले आणि त्यांतला खरा कोणता, याचा हा मागोवा. (धागा)

२/
आरंभ २९ मार्च १९२४ चा, इंग्लंडमधील सरे काउंटीतल्या कॅम्बर्लीच्या माळरानावरचा. यॉर्कशायरमध्ये तेव्हा ‘स्कॉट ट्रायल’ नावाची स्पर्धा भरत असे. तीत वेगाबरोबरच कठीण जागा पाय न टेकता पार करण्याच्या कौशल्यालाही गुण असत. दक्षिणेकडील मंडळींनी कौशल्याचा भाग वगळला आणि निव्वळ वेगाची शर्यत ठेवली. ती ‘ट्रायल’ राहिली नाही. मग तिला ‘स्क्रॅम्बल’, म्हणजे धडपडत, एकमेकांवर कुरघोडी करत पुढे जाणे, असे नाव पडले.

३/
या पहिल्या शर्यतींसाठी वेगळी यंत्रे नव्हती. रस्त्यावरची मोटारसायकल आणायची, दिवा काढायचा, जमल्यास मडगार्ड काढायचे आणि शर्यतीत उतरायचे. मागच्या चाकाला सस्पेन्शन नसे. निम्मी यंत्रे मध्येच बंद पडली तरी त्याचे कोणाला नवल वाटत नसे. पुढे फ्रेंचांनी हा खेळ उचलला, ‘मोटोसिक्लेत’ आणि ‘क्रॉस-कंट्री’ हे शब्द जोडून त्याला ‘मोटोक्रॉस’ म्हटले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो युरोपभर पसरला.

४/
१९४७ मध्ये नेदरलँड्समधील वासनार येथे ‘मोटोक्रॉस देस नेशन्स’ ही राष्ट्रीय संघांची पहिली स्पर्धा झाली. बिल निकोल्सन व फ्रेड रिस्ट बीएसएवर, तर बॉब रे एरियलवर होते. ब्रिटन जिंकले. तेव्हापासून १९६७ पर्यंतच्या २१ वर्षांत ब्रिटनने ही स्पर्धा १५ वेळा जिंकली. संघाचा निकाल एकट्या वेगवान स्वारावर ठरत नाही. त्याच्या सोबत्यांची यंत्रेही शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचावी लागतात. सदैव बंद पडणाऱ्या यंत्रांवर हे शक्य झाले नसते.

५/
या काळाचे प्रतीक म्हणजे बीएसए गोल्ड स्टार. १९३७ मध्ये वॉल हँडलीने ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर बीएसएवरून ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली. असा पराक्रम करणाऱ्यास तेथे सोनेरी तारेचे पदक मिळे; त्यावरून पुढच्या वर्षी आलेल्या मॉडेलला हे नाव मिळाले. युद्धानंतर तीच मोटारसायकल ३५० व ५०० सीसीत, रस्ता, ट्रॅक किंवा स्क्रॅम्बल अशा गरजेनुसार वेगळे कॅम, गिअर आणि कॉम्प्रेशन बसवून मिळू लागली.

६/
गोल्ड स्टारच्या प्रत्येक इंजिनाची शक्ती कारखान्यात मोजली जाई आणि त्याचे प्रमाणपत्र ग्राहकाला मिळे. इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांना जोडणारी साखळी हे भाग स्वतंत्र होते, त्यामुळे एकाच्या दुरुस्तीसाठी दुसरा उघडावा लागत नसे. यंत्र जड होते, १४० किलोंच्या आसपास. पण चिखलात मागचे चाक हळूहळू रेटत नेणारी त्याची ओढ स्वारांना आवडे. जॉन ड्रेपरने १९५५ चे युरोपीय अजिंक्यपद बीएसएवरच जिंकले, तर लेस आर्चरने १९५६ चे नॉर्टनवर.

७/
येथे ‘विश्वसनीय’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ समजून घ्यावा लागतो. शर्यतीची मोटारसायकल रविवारी धावत असे आणि सोमवार ते शनिवार तिच्यावर काम चाले. तेल बदलणे, टॅपेट जुळवणे, साखळ्या ताणणे, प्रत्येक नटावर पाना फिरवणे, ठराविक शर्यतींनंतर इंजिन पूर्ण उघडणे हे सगळे गृहीत असे. ज्याने हे पाळले त्याचे यंत्र सहसा दगा देत नसे. ज्याने टाळले त्याला त्याची किंमत पुढच्या रविवारी मोजावी लागे.

८/
आता तेलाकडे वळू, कारण अपकीर्तीचा मोठा भाग तेथूनच आला. एकसिलिंडर ५०० सीसी इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या क्रँककेसमधील तेवढीच हवा दाबली जाते. ती बाहेर जाण्यासाठी श्वासनलिकेसारखी एक वाट ठेवलेली असते. ती वाट अपुरी असली, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून वरचा वायू खाली उतरू लागला, की आतला दाब वाढतो आणि तेल जिथे फट सापडेल तिथून बाहेर पडते.

९/
फटी पुष्कळ होत्या. क्रँककेस उभे दुभागलेले असे, त्यामुळे डाव्या-उजव्या भागांचा सांधा थेट तेलाच्या तळातून जाई. पण दोष केवळ या रचनेचा नव्हता. जपान्यांच्या एकसिलिंडर इंजिनांचेही क्रँककेस असेच दुभागलेले होते आणि ते सहसा गळत नसत. फरक होता तो सांध्याचे पृष्ठभाग किती सपाट घडवले जातात याचा. ब्रिटिश कारखान्यांतील बरीच यंत्रसामग्री जुनी व झिजलेली होती. तिने सोडलेली उणीव भरून काढण्याचे काम कागदी गॅस्केटवर पडले.

१०/
गळतीचे तिसरे कारण अधिक गमतीचे आहे. बहुतेक ब्रिटिश इंजिनांत तेल वेगळ्या टाकीत, इंजिनाहून वर असे. मोटारसायकल बरेच दिवस उभी राहिली की पंपातील झडपेतून ते थेंबाथेंबाने खाली क्रँककेसमध्ये झिरपे. पुढच्या वेळी किक मारताच साठलेले तेल उसळून बाहेर येई. म्हणजे रोज वापरातील यंत्र कमी गळे आणि जपून झाकून ठेवलेले जास्त. आज संग्रहांतील मोटारसायकलींखाली ठेवलेले तेलाचे ट्रे पाहून जे मत बनते ते अशा निवृत्त यंत्रांविषयीचे असते.

११/
तेलानंतर ठिणगी. गोल्ड स्टारसारख्या यंत्रांत मॅग्नेटो असे. त्याला बॅटरी लागत नाही. मात्र त्याच्या तारांच्या वेटोळ्यांवर लाखेपासून केलेल्या शेलॅकचा लेप असे. उष्णतेने तो मऊ पडला की आतला भाग जखडे. पुढे खर्च कमी करण्यासाठी मॅग्नेटो गेला आणि ‘एनर्जी ट्रान्सफर’ ही पद्धत आली. तीत अल्टरनेटरचा झोत आणि पॉइंट उघडण्याचा क्षण अचूक जुळावा लागे. पॉइंट थोडे झिजले तरी ठिणगी क्षीण होई. ‘सुरूच होत नाही’ ही तक्रार मोठ्या प्रमाणात या पद्धतीमुळे रूढ झाली.

१२/
या पार्श्वभूमीवर १९५८ मध्ये बीएसए सी-१५ आली. ट्रायम्फच्या छोट्या टायगर कबवरून घडवलेली ही २४७ सीसीची, कामावर जाण्या-येण्याची साधी मोटारसायकल. १९६१ पासून ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकांवर २५० सीसीची मर्यादा आली आणि सी-१५ ला हमखास गिऱ्हाईक मिळाले. पण हे गिऱ्हाईक तरुण, पैशाने बेताचे आणि देखभालीत नवखे होते. तेल गाळण्यासाठी इंजिनात केवळ तारेची जाळी होती, त्यामुळे वेळेवर तेल न बदलल्यास बेअरिंग लवकर झिजत. हजारो ब्रिटिश तरुणांची मोटारसायकलीशी पहिली ओळख अशा खडखडणाऱ्या सी-१५ वर झाली.

१३/
आणि विश्वविजेते यंत्र जन्माला आले ते याच सी-१५ च्या कुळात. सी-१५ मध्ये पिस्टनचा व्यास ६७ मिमी आणि स्ट्रोक ७० मिमी होता. बी-४० मध्ये व्यास ७९ मिमी झाला आणि इंजिन ३४३ सीसीचे बनले. मग तोच व्यास ठेवून स्ट्रोक ८६ मिमीपर्यंत वाढवून सुमारे ४२० सीसी, आणि ९० मिमीवर नेऊन ४४१ सीसी असे टप्पे गाठले. शिकाऊंच्या मोटारसायकलीचा पाया एवढा ताणून त्यावर जागतिक स्पर्धेचे इंजिन उभारण्यात आले.

१४/
हे यंत्र विजयापर्यंत नेले जेफ स्मिथने. लँकेशायरमधील कोल्न येथे जन्मलेला स्मिथ बीएसएमध्ये उमेदवारी करून तयार झाला होता. यंत्र तो केवळ चालवत नसे, त्याला ते आतून कळत असे. तोवर ५०० सीसी वर्गात स्वीडनच्या रोल्फ टिब्लिनने हुस्कवार्नावर १९६२ व १९६३ ची अजिंक्यपदे जिंकली होती. स्मिथने वर्गाच्या मर्यादेहून लहान पण हलक्या इंजिनावर भर दिला, स्वतःचे शरीर कसून तयार केले आणि १९६४ मध्ये टिब्लिनला मागे टाकले. १९६५ मध्ये त्याने पद राखले.

१५/
त्या वर्षांत हिवाळ्याच्या शनिवारी दुपारी बीबीसीच्या ‘ग्रँडस्टँड’ कार्यक्रमात स्क्रॅम्बलच्या शर्यती थेट दाखवत. स्मिथ, डेव्ह बिकर्स, आर्थर लॅम्पकिन ही नावे घराघरांत पोहोचली. प्रेक्षकांना दिसे ते चिखलाने माखलेले, धडधडत चढ चढणारे, न थांबणारे यंत्र. तोच प्रेक्षक सोमवारी सकाळी थंडीत आपल्या सी-१५ ला किक मारत बसे. दोन्हींच्या टाकीवर नाव एकच होते. एकाला कारखान्याच्या स्पर्धा विभागातील कुशल मिस्त्री लाभले होते, दुसऱ्याला कोणीच नव्हते.

१६/
सगळा मान बीएसएचा नव्हता. एसेक्समधील थंडर्स्ली येथे बर्ट ग्रीव्ह्ज आणि त्यांचे चुलत भाऊ डेरी प्रेस्टन-कॉब अपंगांसाठी तीनचाकी वाहने बनवत. प्रेस्टन-कॉब स्वतः अर्धांगाने ग्रस्त होते. याच कारखान्याने ओतीव अॅल्युमिनियमचा जाड पुढचा खांब असलेली विचित्र दिसणारी स्क्रॅम्बलर काढली. तिच्यावर बिकर्सने १९६० व १९६१ ची २५० सीसी युरोपीय अजिंक्यपदे जिंकली. सांगाडा अत्यंत दणकट. इंजिन मात्र बराच काळ बाहेरून, व्हिलियर्सकडून घ्यावे लागे. पुढे ग्रीव्ह्जने स्वतःचे इंजिन घडवले.

१७/
हॅम्पशायरच्या न्यू मिल्टनमधील डेरेक व डॉन रिकमन या बंधूंनी वेगळी वाट धरली. कारखान्यांचे सांगाडे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. त्यांनी उत्तम नळ्यांचा, निकेलचा मुलामा दिलेला सांगाडा स्वतः बनवला, त्याच्या नळ्यांतच तेल साठवले आणि त्यात ट्रायम्फ किंवा मॅचलेसचे इंजिन बसवले. यंत्राला नाव दिले ‘मेटिस’, म्हणजे फ्रेंचमध्ये संकरित. जे मोठ्या कंपन्यांनी करायला हवे होते ते दोन स्वार छोट्या कार्यशाळेत करत होते, आणि त्यांची घडण आजही वाखाणली जाते.

१८/
१९६६ साठी बीएसएने मोठा डाव टाकला. वजन आणखी घटवण्यासाठी स्मिथच्या मोटारसायकलीचा सांगाडा टायटॅनियमचा केला. धातू हलका आणि बळकट. पण तो निष्क्रिय वायूच्या आवरणातच जोडता येतो. सांगाड्याला तडे जाऊ लागले आणि शर्यतीच्या मैदानावर ते सांधणे अशक्य ठरले. पोलादी सांगाडा असता तर रात्रीत वेल्डिंग करून सकाळी उभा केला असता. ज्या दुरुस्तीच्या सोयीवर ब्रिटिश यंत्रांची भिस्त होती तीच या प्रयोगात हरवली. अजिंक्यपद पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रिड्रिक्सकडे गेले.

१९/
फ्रिड्रिक्स होता चेकोस्लोव्हाकियाच्या स्ट्राकोनिसे येथील सीझेडवर, टू-स्ट्रोक यंत्रावर. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टॅपेट नाहीत, तेलाची वेगळी टाकी नाही; तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले. जे भाग नाहीत ते झिजत नाहीत आणि गळतही नाहीत. सीझेड ही जावाची भगिनी संस्था. याच जावाचे तंत्र घेऊन म्हैसूरमध्ये मोटारसायकली बनू लागल्या होत्या आणि पुढे त्यांना येझदी हे नाव मिळाले. येझदीचा साधेपणा ज्यांनी पाहिला आहे त्यांना युरोपातील स्वार तिकडे का वळले हे वेगळे सांगावे लागणार नाही. खुद्द बिकर्सही पुढे सीझेडवर गेला.

२०/
अमेरिकेत हाच धडा अधिक नाट्यमय रीतीने मिळाला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ट्रायम्फच्या जड दोनसिलिंडर मोटारसायकलींचे राज्य होते. १९६६ मध्ये स्वीडनचा टॉर्स्टन हॉलमन हलकी हुस्कवार्ना घेऊन तेथे आला आणि स्थानिक स्वारांना त्याने सहज मागे टाकले. ट्रायम्फवर शर्यती खेळलेला अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटात हुस्कवार्नावर दिसला. ब्रिटिश यंत्रे या काळात अचानक अधिक बिघडू लागली नव्हती. ज्याच्याशी तुलना करायची ते माप बदलले होते.

२१/
कंपनीने याला उत्तर काय दिले? संशोधनासाठी अंबरस्लेड हॉल हा जुना वाडा घेतला गेला. कारखान्यातील लोक त्याला झोपाळूंचा वाडा अशा अर्थाने चिडवत. वरिष्ठ आणि यंत्रशाळा यांच्यात अंतर वाढले. १९७५ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अहवालाने या उद्योगाचे दुखणे मांडले : तात्पुरता नफा जपण्यासाठी एकेक बाजारवर्ग जपान्यांना सोडत जाणे आणि यंत्रसामग्रीत पुरेशी गुंतवणूक न करणे. कागदी गॅस्केटमधून झिरपणारे तेल आणि हा अहवाल एकाच गोष्टीविषयी बोलत होते.

२२/
तरीही स्पर्धा विभाग अखेरपर्यंत लढला. जॉन बँक्सने १९६८ व १९६९ मध्ये बीएसएवर ५०० सीसीच्या जागतिक क्रमवारीत दुसरे स्थान मिळवले. समोर टू-स्ट्रोकची फौज असताना हे सोपे नव्हते. १९७१ मध्ये ४९९ सीसीची बी-५० आली आणि त्याच वर्षी स्पर्धा विभाग बंद झाला. त्याचे सुटे भाग बोल्टनच्या अॅलन क्लूज यांनी विकत घेतले आणि त्यांतून सीसीएम या छोट्या कंपनीची मोटारसायकल उभी राहिली. पुढे बँक्स तिच्यावरही धावला. यंत्रात अजून जीव होता. तो जपणारी मोठी संस्था उरली नव्हती.

२३/
आज ब्रिटनमध्ये ‘प्री-६५’ वर्गात ही यंत्रे पुन्हा धावतात आणि त्यांचे मालक त्यांना भरवशाची म्हणतात. मात्र त्यांतील अनेकांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नव्याने घासलेले सांधे, आधुनिक सीलंट आणि सुधारित धातूचे भाग आहेत. शिवाय जी वाईट घडली होती ती केव्हाच भंगारात गेली. उरली ती निवडक. म्हणजे आजचा चांगला लौकिकही तितकाच अपुरा आहे, जितका सत्तरच्या दशकातील वाईट लौकिक होता. एक लौकिक हयगय झालेल्या यंत्रांवर बेतला आहे, दुसरा लाडावलेल्यांवर.

२४/
महाराष्ट्रातील वाचकाला हे सगळे अनोळखी वाटू नये. १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागलेली बुलेट याच ब्रिटिश परंपरेतली. वेगळा गिअरबॉक्स, पॉइंटची कटकट, आणि एकाच मधल्या नटाने धरलेले डावीकडचे झाकण, ज्याच्या कडेने तेल ओघळे. ही रचना भारतात अर्धशतकाहून अधिक टिकली, ती बिघडत नव्हती म्हणून नव्हे, तर गावोगावी ती उघडून पुन्हा उभी करणारे मिस्त्री होते म्हणून. ब्रिटनमध्ये सोमवार ते शनिवार जे काम मालक करत असे, ते येथे कोपऱ्यावरचे गॅरेज करत राहिले.

२५/
२०१६ मध्ये बीएसए हे नाव महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजंड्सने घेतले. जावा आणि येझदी ही नावेही याच कंपनीकडे आहेत. ज्या चेक घराण्याच्या यंत्रांनी बीएसएला १९६६ मध्ये हरवले, त्याचे भारतीय वारस आणि बीएसए आता मुंबईतील एकाच समूहाच्या छत्राखाली आहेत. नवी गोल्ड स्टार १५ ऑगस्ट २०२४ रोजी भारतात आली. ती रस्त्यावरची मोटारसायकल आहे, स्क्रॅम्बलर नव्हे. जुन्या गोल्ड स्टारशी तिचे नाते नावाचे आणि रूपाचे आहे.

२६/
मग खरा लौकिक कोणता? स्मिथची व्हिक्टर आणि शिकाऊ मुलाची सी-१५ ही एकाच मुळाची दोन यंत्रे होती. एकीला वेळ, कौशल्य आणि सुटे भाग मिळाले, म्हणून ती जगात पहिली आली. दुसरीला जाळीची गाळणी आणि झिजलेल्या यंत्रसामग्रीवर घडलेले सांधे मिळाले, म्हणून ती गळत राहिली. यंत्र किती चांगले करता येईल हे कारखान्याला ठाऊक होते, तसे ते करूनही दाखवले होते. ते ज्ञान स्पर्धा विभागाच्या दारातून बाहेर, सामान्य ग्राहकाच्या मोटारसायकलीपर्यंत आणण्यासाठी लागणारा पैसा मात्र खर्च झाला नाही. (समाप्त)